पन्नाशीतला गाडीविक्रेता आणि ३३ क्रमांकाची कॉर्व्हेट: २०२३ च्या हौशी जीटी हंगामाचा अभ्यास

जागतिक एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतींच्या, अजिंक्यपदाच्या २०२३ च्या हंगामात एलएमजीटीई ॲम या वर्गाच्या सात शर्यती झाल्या. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या जीटी गाड्यांचा आणि हौशी चालक सक्तीचा असलेला हा वर्ग. अमेरिकेतल्या सेब्रिंगला १००० मैल, पोर्तुगालमध्ये पोर्तिमाओला सहा तास, बेल्जियममध्ये स्पाला सहा तास, फ्रान्समध्ये ल माँचे चोवीस तास, इटलीत मोन्झाला आणि जपानमध्ये फुजीला सहा-सहा तास आणि शेवटी बहारीनला आठ तास. सात शर्यतींचे अजिंक्यपद पाचव्या शर्यतीतच निकालात निघाले. ते जिंकले ३३ क्रमांकाच्या शेव्हरोले कॉर्व्हेट सी८.आर या गाडीने. तिच्यात तीन चालक होते: निकी कॅट्सबर्ग, नेदरलँड्सचा, वय ३५, व्यावसायिक. निको वारोने, अर्जेंटिनाचा, वय २२, व्यावसायिक होण्याच्या वाटेवर. आणि बेन कीटिंग, वय ५१, टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावचे, धंदा मोटारगाड्यांच्या विक्रीचा.

निकाल पाहणाऱ्याची नजर आधी कारखान्याच्या, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या, संघाकडे जाते, मग कॅट्सबर्गकडे. माझे म्हणणे असे आहे की हे अजिंक्यपद कीटिंग यांनी जिंकले. इतर दोघे लागले, संघ लागला, गाडी तर लागलीच. पण फरक जिथे पडला ती जागा कीटिंग यांची होती. त्या वर्गाची रचनाच तशी होती.

चार रंगांचे चालक

एन्ड्युरन्स शर्यतीत एक गाडी आळीपाळीने तिघे चालवतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, प्रत्येक चालकाला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्रॉन्झ असा दर्जा देते. प्लॅटिनम म्हणजे फॉर्म्युला वन किंवा कारखान्याच्या संघात नाव कमावलेला. ब्रॉन्झ म्हणजे हौशी. ब्रॉन्झचा ठळक निकष असा, की शर्यतीचा पहिला परवाना काढला तेव्हा वय तिशीच्या पुढे होते आणि एकेरी आसनाच्या गाड्यांचा अनुभव नव्हता किंवा नावापुरता होता. शिवाय चालकाने पन्नाशी ओलांडली की दर्जा एक पायरी खाली आणण्याची तरतूद आहे. म्हणजे वय ही गोष्ट नियमातच लिहिलेली आहे. लहानपणी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करून वर आलेला मुलगा आणि धंदा उभा करून, मुलं मोठी झाल्यावर हेल्मेट घालणारा माणूस, या दोघांना एका मापाने मोजायचे नाही, हे महासंघाने मान्य केले आहे.

ॲम वर्गाचा नियम असा होता: तिघांपैकी एक ब्रॉन्झ हवाच, दुसरा ब्रॉन्झ किंवा सिल्व्हर, तिसरा कोणीही चालेल. कॅट्सबर्ग प्लॅटिनम, वारोने सिल्व्हर, कीटिंग ब्रॉन्झ. प्रत्येक शर्यतीत ब्रॉन्झ चालकाला ठरावीक किमान वेळ गाडी चालवावीच लागे. ल माँला ही मर्यादा सहा तासांची होती, म्हणजे शर्यतीचा पाव हिस्सा. आणि सुरुवातीची जागा ठरवणारी पात्रता फेरी ब्रॉन्झ चालकानेच घ्यायची.

हा शेवटचा नियम साधा दिसतो, पण त्याने सगळा वर्ग बदलला. आधी हौशी चालकाला संघ शक्य तितके झाकून ठेवत असे. किमान वेळ भरून काढायची, ती शर्यतीच्या अशा भागात जिथे नुकसान कमी होईल, आणि मग गाडी व्यावसायिकाच्या हातात. पात्रता फेरी ब्रॉन्झकडे आल्यावर झाकायला जागा उरली नाही. साठीतला उद्योजक आणि तिशीतली बेल्जियन चालक सारा बोव्ही एकाच घड्याळाखाली एकटे उभे राहिले. बोव्हीने जुलै २०२२ मध्ये मोन्झाला या वर्गात सुरुवातीची पहिली जागा, म्हणजे पोल, मिळवली, आणि या अजिंक्यपद मालिकेत पोल घेणारी ती पहिली महिला ठरली. तीही ब्रॉन्झ. म्हणजे दर्जा खालचा आहे याचा अर्थ वेग कमी आहे असा नव्हे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

हिशेब

हौशी चालक का निर्णायक ठरतो, हे थोड्या आकडेमोडीने दाखवता येते. आकडे मी फक्त समजावण्यापुरते धरतो आहे. दोन गाड्यांमधले दोन प्लॅटिनम चालक घ्या. त्यांच्यात फेरीमागे दोन दशांश सेकंदाचा फरक पडला तर तो पुष्कळ. सहा तासांच्या शर्यतीत त्यांनी प्रत्येकी शंभर फेऱ्या मारल्या, तरी फरक वीस सेकंदांचा. आता त्याच दोन गाड्यांमधले ब्रॉन्झ घ्या. त्यांच्यात फेरीमागे दीड-दोन सेकंद सहज पडतात. पन्नास फेऱ्यांत ते सव्वा मिनिट ते एक मिनिट चाळीस सेकंद होते. जगातला कोणताही प्लॅटिनम चालक ही तूट भरून काढू शकत नाही, कारण समोरच्या गाडीतही प्लॅटिनमच बसलेला असतो.

आषाढी वारीत दिंडी कधी मुक्कामाला पोहोचणार हे पुढे पताका घेऊन धावणाऱ्यांवर ठरत नाही, मागून येणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या पावलांवर ठरते. ॲम वर्गातही तसेच होते. म्हणून इथे संघाचा खरा प्रश्न ‘सर्वात वेगवान चालक कोण’ हा नसतो. आपला सर्वात हळू चालक इतरांच्या सर्वात हळू चालकापेक्षा किती पुढे आहे, हा असतो. कीटिंग यांच्याबाबत याचे उत्तर होते: बराच पुढे.

कीटिंग इथवर कसे आले

पत्नीने त्यांना भेट म्हणून ट्रॅकवर गाडी चालवायचा एक दिवस दिला, तिथून हे सुरू झाले. तेव्हा ते तिशीच्या मध्यात होते. डॉज व्हायपर ही गाडी ते विकत असत आणि पुढे तीच घेऊन शर्यतीत उतरले. २०१५ मध्ये व्हायपर घेऊनच ल माँला पोहोचले. ३३ हा आकडा त्यांच्या अनेक गाड्यांवर दिसतो.

२०१९ चे ल माँ मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण २०२३ चे कीटिंग त्यातून घडले असे मला वाटते. त्या वर्षी ते स्वतःच्या संघातून फोर्ड जीटी घेऊन उतरले. जेरोन ब्लीकेमोलेन आणि फेलिपे फ्रागा सोबत होते. चोवीस तासांनंतर त्यांच्या वर्गात त्यांची गाडी सर्वात आधी रेषा ओलांडून गेली, व्यासपीठावर सत्कार झाला. नंतर तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. इंधन भरायला किमान ४५ सेकंद लागले पाहिजेत, त्यांच्या यंत्रणेत ४४.४ लागत होते. फरक ०.६ सेकंदाचा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, २३ वेळा इंधन भरले होते, दंड चौपट, म्हणून ५५.२ सेकंद वाढवले. तेवढ्याने ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. मग टाकी मोजली. मर्यादा ९६ लिटर, टाकीत मावत होते ९६.१. दशांश लिटर. गाडी बाद झाली.

व्यावसायिकाला पुढच्या वर्षी दुसरा संघ मिळतो. हौशी माणूस स्वतःचा पैसा, सुट्ट्या आणि घरच्यांची परवानगी घेऊन आलेला असतो. असा निकाल हातात घेऊन पुष्कळजण घरी बसले असते. कीटिंग परत आले. २०२२ मध्ये टीएफ स्पोर्टच्या ॲस्टन मार्टिनमध्ये एन्रिके शावेश आणि मार्को सोरेन्सन यांच्यासोबत त्यांनी ल माँ जिंकले आणि त्या हंगामाचे अजिंक्यपदही. तेव्हा ते पन्नाशीला पोहोचले होते.

त्यांच्याकडून शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे गाडीत बसण्याचे तास. २०२३ मध्ये ते जागतिक मालिकेबरोबर अमेरिकेतल्या मालिकेत एलएमपी२ वर्गाची बंदिस्त प्रोटोटाइप, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बनवलेली, गाडीही चालवत होते. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग थोडा कमी होतो, यात वाद नाही. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो वेग क्वचितच कामी येतो. कामी येते ती ओळख: हा डांबराचा पट्टा ओला झाल्यावर कसा वागतो, मागची गाडी कोणत्या वळणावर आत घुसेल, टायर संपत आला की सुकाणू हाताला कसे हलके लागते. ही ओळख तासांनी येते, आणि तास विकत घ्यायला वय आडवे येत नाही. वेळ आणि पैसा आडवे येतात, हे खरे. तेही स्पष्ट म्हटले पाहिजे, नाहीतर अभ्यास अपुरा राहील. हा खेळ सर्वांना परवडणारा नाही.

कारखान्याचा संघ हौशी वर्गात

२०२२ नंतर व्यावसायिकांचा जीटीई प्रो वर्ग बंद झाला. पोर्शे आणि फेरारी आपले बळ सर्वात वेगवान अशा वरच्या हायपरकार वर्गाकडे वळवत होत्या. कॉर्व्हेटचा संघ, जो प्रॅट मिलर ही कंपनी चालवत असे, त्याला जागतिक मालिकेत राहायचे तर एकच वर्ग उरला होता: ॲम. त्यांनी तो स्वीकारला आणि कीटिंग यांना बोलावले. गाडीवर कीटिंग यांचाच ३३ क्रमांक घातला.

यावर आक्षेप झाला, तो चुकीचा नव्हता. या वर्गात सहसा हौशी चालक खर्च उचलतो आणि व्यावसायिक त्याच्यासाठी नेमले जातात. इथे उलट झाले, कारखान्याच्या संघाने हौशी निवडला. पिटमधली शिस्त, अभियंत्यांचा अनुभव, सुट्या भागांचा साठा, सगळे कारखान्याचे. मला मात्र वाटते, आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. याच संघाला हौशी चालकासाठी गाडी जुळवण्याचा अनुभव नव्हता. कॉर्व्हेटची गाडी आजवर व्यावसायिकांच्या हाताला बसेल अशीच तयार होत आली होती. हौशी माणसाला मागचे चाक निसटले तरी सावरता येईल अशी गाडी हवी असते, एखादा दशांश सेकंद हळू असली तरी. त्या बाबतीत पोर्शे आणि फेरारी चालवणारे खासगी संघ कितीतरी वर्षे पुढे होते.

दुसरे म्हणजे जिंकणाऱ्या गाडीवर पुढच्या शर्यतीत जादा वजन लादले जाई. हंगाम जसा चांगला जाईल तशी गाडी जड होत जाई. त्यामुळे कारखान्याचा फायदा काही अंशी वजा होत होता.

गाडीच्या आत

जीटीई गाडीत वेग देताना चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल होते, पण एबीएस नव्हते. हे वाक्य सहज वाचले जाईल म्हणून थांबतो. रस्त्यावरच्या आपल्या साध्या गाडीतही आता एबीएस असते. ब्रेकवर पाय जोरात पडला तरी चाक अडकत नाही. या गाडीत मात्र ल माँच्या लांब सरळ रस्त्यावरून ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास येऊन, शिकेनच्या, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणाच्या, आधी पायाने मोजून ब्रेक दाबायचा. थोडा जास्त पडला तर पुढचे चाक अडकते, टायरवर सपाट डाग पडतो आणि उरलेला सगळा स्टिंट, म्हणजे चालकाची ती पाळी, गाडी थरथरत चालते. कमी पडला तर वळण सुटते. एका फेरीत हे अनेकदा, एका स्टिंटमध्ये तासभर. ब्रॉन्झ चालकांमधला जो दीड-दोन सेकंदांचा फरक वर मांडला, त्यातला मोठा वाटा ब्रेकवरचा आहे असे माझे मत आहे.

वयाचा खरा त्रास डोळ्यांना. चाळिशीनंतर जवळचे वाचायला अडचण होते, हे सर्वांना माहीत आहे. सुकाणूवरचे छोटे आकडे आणि बटणे वाचायची, लगेच तीनशे मीटर पुढे पाहायचे, पुन्हा आरसा. रात्री त्यात मागून येणाऱ्या हायपरकारचे प्रखर दिवे. वय वाढले की प्रखर प्रकाशातून सावरायला डोळ्यांना जास्त वेळ लागतो. जीटी वर्गाच्या चालकाला सगळी शर्यत वेगवान गाड्यांना वाट देत चालवावी लागते, त्यामुळे मागचे दिसणे हा त्याच्या कामाचा अर्धा भाग.

इथे कॉर्व्हेटकडे एक चांगली गोष्ट होती. २०१३ पासून त्यांच्या गाड्यांत मागे पाहणारा रडार आणि कॅमेरा बसवलेला असतो. मागून येणारी गाडी कोणत्या बाजूने आणि किती वेगाने जवळ येते आहे, हे समोरच्या पडद्यावर खुणांनी दिसते. व्यावसायिकांसाठी केलेली ही सोय पन्नाशीतल्या चालकाला सर्वात जास्त उपयोगी पडावी, यात नवल नाही.

उन्हाळ्यात या गाड्यांच्या आत तापमान किती असावे यावरही नियम आहेत, वातानुकूलन असते. तरी आगरोधक कपड्यांचे थर, हेल्मेट आणि बंद काचा. एका तासात अंगातले पाणी निघून जाते. यात वयापेक्षा तयारी महत्त्वाची.

सेब्रिंग ते स्पा

सेब्रिंगचा ट्रॅक जुन्या विमानतळावर आहे. काँक्रीटच्या तुकड्यांचे सांधे इतके उंच-सखल, की गाडी उडत जाते. १७ मार्चची शर्यत नीट सुरू झाली नाही तोच लुईस पेरेझ कंपांक यांची फेरारी उलटी झाली. तेही पन्नाशीतले, अर्जेंटिनाचे उद्योजक, पूर्वी रॅली चालवणारे. सुखरूप बाहेर आले. कॉर्व्हेट जिंकली. लांब शर्यत म्हणून सेब्रिंगला पहिल्या क्रमांकाला ३८ गुण होते, सहा तासांच्या शर्यतीला २५. पोर्तिमाओही कॉर्व्हेटने जिंकले.

आता एक तांत्रिक गोष्ट, जिच्यावर त्या वर्षी सर्वात जास्त बोलले गेले. २०२३ पासून टायर आधी गरम करून ठेवण्याच्या भट्ट्यांवर बंदी आली. हेतू वीज वाचवण्याचा. परिणाम असा की पिटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीचे टायर थंड, दगडासारखे कडक. पहिली फेरी बर्फावर चालवल्यासारखी. एप्रिलच्या शेवटी स्पाला थंडी आणि ओल होती. तिथे हायपरकार चालवणारे निष्णात चालकही थंड टायरवर आदळले. त्यानंतर ल माँपुरती भट्ट्यांना परवानगी द्यावी लागली.

व्यावसायिकांना जे जमेना ते हौशींनी त्याच थंड टायरवर करायचे होते. या बाबतीत मी आयोजकांवर स्पष्ट टीका करतो. नियम करताना त्यांनी वरच्या वर्गाचा विचार केला. पन्नाशी-साठीतले चालक त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी, एबीएसशिवाय पिटमधून निघणार आहेत, याचा केला नाही. वीज वाचवायची ती दुसरीकडे वाचवता आली असती.

स्पाला जिंकली ती पेरेझ कंपांक यांची फेरारी. महिन्या-दीड महिन्यापूर्वी उलटी होऊन पडलेला माणूस आणि त्याचे सोबती अलेस्सियो रोवेरा आणि लिलू वाडू. या मालिकेत वर्ग जिंकणारी वाडू पहिली महिला ठरली. उलटलेल्या गाडीतून बाहेर पडून सहा आठवड्यांनी पुन्हा त्याच वेगाने ब्रेकच्या जागेपर्यंत पाय न हलवता जाणे, हे किती अवघड आहे हे ज्याने गाडी घसरताना अनुभवले आहे त्यालाच कळेल. हंगामाचे अजिंक्यपद कीटिंग यांचे, पण धैर्याचा मान मी पेरेझ कंपांक यांना देईन. कॉर्व्हेट दुसरी आली आणि तीही गुणांच्या दृष्टीने मोठी कमाई होती.

ल माँ

१० आणि ११ जून २०२३. शर्यतीला शंभर वर्षे झाली होती. फेरारी पन्नास वर्षांनी वरच्या वर्गात परतली आणि जिंकली, त्यामुळे सगळ्या बातम्या तिच्या. खालच्या वर्गात काय झाले ते थोड्यांनीच पाहिले.

पात्रतेत कीटिंग यांनी ॲम वर्गाची पहिली जागा घेतली. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच काही तासांत गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये बिघाड झाला. तो बदलेपर्यंत दोन फेऱ्या गेल्या. ल माँची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. जीटी गाडीला जवळपास चार मिनिटे लागतात. म्हणजे आठ मिनिटांची तूट, तीही बावीस तास बाकी असताना.

इथे संघाने काय करायचे, हा या प्रकरणातला खरा निर्णय. सोपा मार्ग असा की व्यावसायिकांना पुढे करायचे, त्यांच्याकडून वेग काढायचा, ब्रॉन्झचे तास नंतर भरू. पण ब्रॉन्झचे सहा तास कुठे पळून जात नाहीत. पुढे ढकलले तर ते रात्री किंवा शेवटी येतात, जेव्हा इतर संघांचे प्लॅटिनम गाडीत असतात. तेव्हा हौशी चालक रोजच्यापेक्षा दुप्पट तोटा सोसतो. उलट इतर हौशी गाडीत असतानाच आपलाही हौशी बसवला आणि तो त्यांच्यापेक्षा वेगवान असला, तर प्रत्येक फेरीला थोडे-थोडे परत मिळते. कॉर्व्हेटजवळ हा दुसरा मार्ग होता, कारण त्यांच्याजवळ कीटिंग होते. दुसऱ्या कोणत्याही संघाला तो निवडता आला असता असे मला वाटत नाही.

संध्याकाळी पावसाच्या सरी आल्या. ट्रॅकचा एक भाग ओला, दुसरा कोरडा. अनेक गाड्या घसरल्या, आदळल्या, मागे पडल्या. अशा वेळी न आदळणे हेच पुढे जाणे असते. रात्रभरात तूट भरत गेली आणि रविवारी दुपारी ३१३ फेऱ्या पूर्ण करून ३३ क्रमांकाची गाडी वर्गात पहिली आली. कॉर्व्हेट संघाचा ल माँमधला हा नववा वर्गविजय. कीटिंग यांचा सलग दुसरा. ओमानचे अहमद अल हार्थी ज्या ॲस्टन मार्टिनमध्ये होते ती दुसरी, ब्रिटिश उद्योजक माइक वेनराइट यांची पोर्शे तिसरी. ही दोन्ही नावे हौशींची आहेत, हे मुद्दाम सांगतो. व्यासपीठावर नऊजण होते, पण वर्गाची ओळख या तिघांनी होती.

ल माँला गुण दुप्पट, पहिल्याला ५०. त्यामुळे गुणांचे अंतर इतके वाढले की पुढच्या महिन्यात मोन्झाला चौथा क्रमांकही पुरला. दोन शर्यती बाकी असताना अजिंक्यपद निश्चित झाले.

त्यानंतरच्या दोन शर्यती

अजिंक्यपद ठरले म्हणून फुजी आणि बहारीनकडे दुर्लक्ष झाले, ते योग्य नव्हते. हा हंगाम वयस्क चालकांचा म्हणून पाहायचा असेल तर फुजी सर्वात महत्त्वाची. तिथे थॉमस फ्लोर यांची ५४ क्रमांकाची फेरारी जिंकली. फ्लोर हे स्विस उद्योजक, खासगी विमानसेवेचा धंदा उभा केलेले, जन्म १९६०. म्हणजे तेव्हा वय ६३. सोबत फ्रान्चेस्को कास्तेलाची आणि दाविदे रिगोन. फ्लोर यांचा वेग कीटिंग यांच्याइतका कधीच नव्हता. पण ते आणि कास्तेलाची वर्षानुवर्षे एका गाडीत बसत आले होते, आणि या खेळात त्याला मोठी किंमत आहे. आसन सगळ्यांना बसावे म्हणून कसे भरायचे, ब्रेक कुणाला कुठे आवडतो, थकलेला माणूस रेडिओवर कसा बोलतो, हे सगळे पाठ झालेले असते.

बहारीनला बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्राय यांच्या आयर्न डेम्स संघाची पोर्शे जिंकली. मालिकेत पूर्ण महिलांच्या संघाचा हा पहिला विजय. जीटीई गाड्यांची ती शेवटची शर्यत.

वय आणि या खेळाचे नाते जुने आहे. पॉल न्यूमन हे अभिनेते १९७२ मध्ये, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा शर्यतीत उतरले. १९७९ मध्ये ल माँला पोर्शे ९३५ मध्ये एकूण दुसरे आले. १९९५ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या चोवीस तासांत मस्टँगमधून त्यांच्या संघाने जीटीएस-१ वर्ग जिंकला आणि एकूण तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा ते नुकतेच ७० वर्षांचे झाले होते. २०२० मध्ये डॉमिनिक बास्तिएन यांनी ७४ व्या वर्षी ल माँमध्ये भाग घेतला. तेव्हा कीटिंग यांचे वय या परंपरेत तसे कमीच. वेगळेपण हे की ते आठवण म्हणून, एखाद्या शर्यतीपुरते आलेले नव्हते. सगळा हंगाम, तीन खंडांवर, व्यावसायिकांच्या बरोबरीने जबाबदारी घेऊन त्यांनी गाडी चालवली.

दर्जाचा प्रश्न

एक प्रश्न या प्रकरणाने उघडा ठेवला. कीटिंग आणि बोव्ही यांच्या वेगाचे चालक ब्रॉन्झ म्हणून राहिले, तर खऱ्या संथ हौशीला, शनिवार-रविवारी वेळ काढून येणाऱ्याला, या वर्गात जागा कुठे? एक बाजू म्हणते, वेग वाढला की दर्जा वाढवा. मला ते पटत नाही. दर्जा वाढवला तर मेहनत करून सुधारलेल्या हौशीला शिक्षा होते. सिल्व्हर झाल्यावर त्याची गाठ बाविशीतल्या वारोनेशी पडते, आणि त्या दिवशी कोणताही संघ पन्नाशीच्या माणसाला घेणार नाही. वयाने मिळालेली सवलत सुधारणेमुळे काढून घेणे म्हणजे सुधारू नका असे सांगणे. संथ हौशींसाठी वेगळ्या मालिका आहेत, तिथे त्यांनी जरूर चालवावे. पण जागतिक मालिकेत ब्रॉन्झ हा वर्गाचा केंद्रबिंदू असेल, तर तो केंद्रबिंदू उत्तम असण्यात गैर काय?

आयोजकांनीही साधारण हीच दिशा धरली. २०२४ पासून जीटीईच्या जागी एलएमजीटी३ वर्ग आला. त्यात प्रत्येक गाडीत ब्रॉन्झ चालक सक्तीचा राहिला, आणि जीटी३ गाड्यांना एबीएस असल्यामुळे ब्रेकवरचा तो मोठा फरक कमी झाला. पहिल्याच वर्षी ल माँला हा वर्ग जिंकणाऱ्या मँथी संघाच्या पोर्शेत ऑस्ट्रेलियन उद्योजक यासेर शाहीन हे ब्रॉन्झ होते. फ्लोर, कास्तेलाची आणि रिगोन यांनी फेरारी २९६ जीटी३ घेतली, क्रमांक ५४ च ठेवला आणि तिघे पुन्हा पूर्ण हंगामासाठी उतरले. फ्लोर यांनी तेव्हा चौसष्टी गाठली होती.